गुरुवारची वाडी

कुणी ओळख करून दिली तर सिस्टर नमस्कार करायच्या नाहीत. समोरच्याचा हात ओढून घ्यायच्या, पालथा करायच्या आणि नखं बघायच्या. समोर कोण आहे याने त्यांना काडीचाही फरक पडत नसे. टाकव्याचे सरपंच, लोणावळ्यातले बँकेचे साहेब, तिकीट द्यायला हात पुढे केलेला एसटीचा कंडक्टर, सगळे या तपासणीतून गेले होते. कंडक्टरला त्यांनी भरल्या गाडीत सुनावलं होतं, "अंगठ्याचं नख कापणार का मी उतरू?" पुढच्या खेपेला त्या बिचाऱ्याने स्वतःहून दोन्ही हात पुढे केले. 'बिचारा' हा शब्द मी आता लिहू शकते. सिस्टर असताना तोंडातून निघाला असता तर माझी धडगत नव्हती.

माझी मुलाखतही नखांवरच झाली. डी.एड. होऊन मी घरी बसले होते. लोणावळ्याच्या बाजारात आमच्या अब्बांचं शिवणाचं दुकान. मिशनच्या बंगल्याचे पडदे बसवायला ते गेले, तेव्हा त्यांच्या कानावर आलं की डोंगरातल्या शाळेवर शिक्षक टिकत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उभं केलं. सिस्टरांनी माझे हात बघितले आणि विचारलं, "चढ चढता येतो?"

"येतो."

"आणि उतरता?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. "चढता सगळ्यांनाच येतं. आधीचे तिघं मास्तरही चढलेच होते, उतरताना गुडघे दुखले आणि पुन्हा आले नाहीत." एवढ्यावर मला नोकरी लागली. प्रमाणपत्रं पिशवीतून बाहेरसुद्धा काढावी लागली नाहीत.

सिस्टर म्हणजे मठातल्या नव्हेत, दवाखान्यातल्या. नगरकडच्या. मोठ्या इस्पितळात सगळी नोकरी करून निवृत्त झाल्या आणि मग मुंबईच्या या संस्थेने त्यांना मावळात आणलं. संस्थेला परदेशातल्या एका चर्चची मदत होती, म्हणून सगळे तिला मिशन म्हणायचे. टाकव्याच्या पुढे, धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात एक ठाकरवाडी आहे. तिथे मिशनची दोन कामं चालत: एका खोलीची शाळा, आणि दर गुरुवारी दवाखाना. पावसाळ्यात मधला ओढा भरला की वाडी तुटते. तापाने फणफणलेलं पोर खाली आणायची सोय राहत नाही. आणि शाळा नसली तर पोरी लहानपणीच खंडाळ्याच्या बंगल्यांवर धुण्याभांड्याला जातात. म्हणून हा दवाखाना आणि ही शाळा बंद पडू नये, एवढं एकच मागणं सिस्टर देवाकडेही करत आणि मुंबईच्या ऑफिसकडेही. ऑफिसकडे करताना आवाज जरा जास्त चढायचा.

आवाज हे त्यांचं दुसरं वैशिष्ट्य. इंजेक्शन देताना त्या भजन म्हणायच्या, तेही इतकं बेसूर की पोर रडायचं विसरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचं. मी एकदा म्हटलं, "सिस्टर, हे मुद्दाम करता ना?" त्यांना भयंकर राग आला. तोवर त्यांना आपण बऱ्या गातो असं वाटत होतं.

मिशनची जीप स्टार्टर गेलेली होती. दुरुस्त करायचं कुणाच्या मनात आलं की सिस्टर आडव्या यायच्या, म्हणायच्या की गाडीपेक्षा आधी औषधं. त्यामुळे जीप नेहमी उतारावर उभी करायची, म्हणजे सोडली की आपोआप सुरू व्हायची. त्यांची जगाची विभागणीच तशी झाली होती. कामशेतला कुठल्या गल्लीत उतार आहे, टाकव्यात कुणाच्या दारात आहे, हे त्यांना पाठ. सपाटीवर राहणाऱ्या माणसांकडे त्या कधी चहाला गेल्या नाहीत.

अब्बांचं आणि त्यांचं वाजलं ते खिशांवरून. वाडीच्या मुलांचे गणवेश अब्बांनी शिवायचे होते. सिस्टरांनी सांगितलं, प्रत्येक मुलाला दोन मोठे खिसे आणि मुलींच्या फ्रॉकलाही दोन. अब्बा म्हणाले, "बाई, फ्रॉकला खिसा कोण लावतं? कपडा वाया जाईल." सिस्टर दुकानात स्टुलावर बसल्या आणि खिशाचं महत्त्व या विषयावर बोलत राहिल्या. मुलीला स्वतःचं काही ठेवायला जागा पाहिजे की नको, चिंच म्हणा, खडू म्हणा. गिऱ्हाइकं खोळंबली. शेवटी अब्बांनी हात जोडले आणि खिसे लावले. नंतर ते माझ्या फ्रॉकांची आठवण काढून म्हणाले, "तुझ्यापण लावायला पायजे होते." ते ऐकून मला उगीच भरून आलं.

आता त्या 'बिचाऱ्या'बद्दल. वाडी बघायला अधूनमधून पाहुणे यायचे. चांगली माणसं असायची, खाऊ आणायची, आणि पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी म्हणायचंच, "बिचारे!" सिस्टरांना हा शब्द ऐकू आला की त्या बोलणाऱ्याला दवाखान्याच्या मागे न्यायच्या आणि औषधाच्या रिकाम्या बाटल्या धुवायला बसवायच्या. "तुम्हाला मदत करायचीय ना? ही घ्या मदत." एका मोठ्या कंपनीतला माणूस पँट वर करून बाटल्या विसळताना मी डोळ्यांनी पाहिला आहे. नवल म्हणजे तो खूश होता. पुढे दर वर्षी यायचा आणि आल्या आल्या विचारायचा, बाटल्या कुठे आहेत म्हणून.

बाळांचं वजन करायचा दिवस तर बघण्यासारखा. झोळीच्या काट्यात मूल लोंबकळत असायचं आणि सिस्टर ओरडायच्या, "काय हे कार्टं! नुसती काटकी! कुणाचं आहे हे?" आया तोंडाला पदर लावून हसायच्या, त्यांना ते मनापासून आवडायचं. मुलाचं कौतुक केलं की दृष्ट लागते, हे सिस्टरांनी वाडीकडून उचललेलं होतं. खरं वजन त्या मला कानात सांगायच्या आणि मी लिहून घ्यायचे. एकदा एका पाहुण्या बाईंनी वाडीतल्या सुमनच्या बाळाला उचलून म्हटलं, "अगं बाई, किती गुटगुटीत!" सुमनचा चेहरा पडला. सिस्टरांनी त्या बाईंना तिथेच थांबवलं, त्यांच्याकडूनच मीठमोहऱ्या ओवाळून घेतल्या आणि चुलीत टाकायला लावल्या. मी विचारलं, "तुम्ही ख्रिस्ती ना सिस्टर?" त्या म्हणाल्या, "मी ख्रिस्ती आहे. मीठ कुठे ख्रिस्ती आहे?"

त्यांना अभिमान एकाच गोष्टीचा होता, वाडीच्या स्वच्छतेचा. गुरुवारी त्या चढ चढून वर आल्या की अंगणं सारवलेली असायची, मुलांच्या डोक्याला तेल, बायांची लुगडी धुतलेली. सिस्टर नखं बघत बघत दवाखान्यापर्यंत जायच्या, एखाद्या साहेबाने परेडची पाहणी करावी तशा. "बघ," मला म्हणायच्या, "मी आले तेव्हा इथे काय होतं आणि आज काय आहे." फक्त एक गोष्ट त्यांना छळायची. खरूज जात नव्हती. मलमं बदलली, साबण बदलला, टाकव्याच्या डॉक्टरांना आणून दाखवलं. थोडी उतरायची, पुन्हा यायची. "इतकी स्वच्छ वाडी," त्या स्वतःशी पुटपुटायच्या, "मग येते कुठून?"

मी टाकव्यात खोली घेऊन राहायचे आणि रोज सकाळी दुधाच्या गाडीने पुढे जाऊन वर चढायचे. मला रोजची वाडी दिसत होती. अब्बांनी शिवलेले गणवेश मुलं गुरुवारीच घालतात हेही माहीत होतं. पण ते सिस्टरांच्या धाकाने, असं मी धरून चालले होते. धाक मलाही होताच. गुरुवारी मीसुद्धा नखं बघून घ्यायचे.

मग मुंबईच्या ऑफिसातून फोन आला. परदेशातून येणारी मदत कमी झाली होती आणि जिथे गरज जास्त तिथेच काम चालू ठेवायचं ठरत होतं. संस्थेच्या अध्यक्षबाई स्वतः वाडी बघायला येणार होत्या. बरोबर एक तरुण अधिकारी. दोन दिवस राहणार होते, मुक्काम लोणावळ्यात. वाडीवरचं काम राहणार की बंद होणार, ते या भेटीवर ठरणार होतं. सिस्टर त्या आठवड्यात कुणावर ओरडल्या नाहीत, त्यावरून मला त्यांची काळजी कळली.

वाडीला फक्त एवढंच कळलं की मोठे पाहुणे येणार. झालं! बायांनी सोयऱ्यांकडून लग्नातली लुगडी मागून आणली. घरं पांढऱ्या मातीने सारवली. टाकव्याहून प्लास्टिकच्या खुर्च्या डोक्यावरून वर चढवल्या. पाहुणे आले तेव्हा पोरं कोऱ्या गणवेशात रांगेने उभी होती, आणि हौसामावशी, म्हणजे सुमनची सासू आणि वाडीतली सगळ्यात वडीलधारी बाई, नाकात नथ घालून पुढे झाली. कोंबडीचा रस्सा झाला, तांदळाच्या भाकरी झाल्या. "घ्या की आजून, लाजू नका," करत बायांनी अध्यक्षबाईंचं ताट रिकामं होऊ दिलं नाही. सिस्टरांचा ऊर भरून आला होता. मला मात्र अधिकाऱ्याचा चेहरा दिसत होता.

जेवणं झाल्यावर तो आम्हाला शाळेत घेऊन गेला. मुलगा वाईट नव्हता, अवघडला होता. "सिस्टर, मॅडम म्हणतायत की इथलं तर बरं चाललंय. यापेक्षा वाईट गावं आम्ही पाहिलीत." मग खाली बघत म्हणाला, "उद्या सकाळी आम्ही परत येतो. तेव्हा लोक रोजच्या कपड्यांत असले तर बरं. म्हणजे फोटोही तसे घेता येतील. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

मला वाटलं सिस्टर त्याला बाटल्या धुवायला बसवतील. त्यांनी काहीच केलं नाही. पाहुणे उतरून गेल्यावर त्यांनी बायांना शाळेत बोलावलं.

"पाहुण्यांना वाटतं तुमचं बरं चाललंय," त्या म्हणाल्या. "असंच वाटलं तर दवाखाना आणि शाळा बंद होईल. त्यांचं म्हणणं, उद्या तुम्ही रोजच्या कपड्यांत यावं. मी या म्हणणार नाही आणि नका येऊ असंही म्हणणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा."

हौसामावशी म्हणाली, "आन् पावन्याम्होरं फाटकं नेसून बसायचं व्हय? त्यास्नी काय वाटंल? म्हनतील, ह्यांनी आपल्याला मानलंच न्हाई."

"मग निदान एवढं तरी सांगा त्यांना," सिस्टर म्हणाल्या, "की ही श्रीमंती नाही. मी इतकी वर्षं शिकवलं म्हणून तुम्ही रोज अशा नीटनेटक्या राहता."

सुमनला हसू आवरेना. "रोज कुटलं, शिस्टर! बेस्तरवारी. तुमी येता म्हनून."

"म्हणजे?"

"म्हंजे तुमी बी पावनंच की," हौसामावशीने समजावलं. "बेस्तरवारी पोरास्नी आंघूळ, धडकं लुगडं. तुमी खाली उतारला की घडी घालून ठिवतो पुन्ना. एकच तर हाय."

सिस्टर खुर्चीत बसल्या. "उन्हाळ्यातसुद्धा? झऱ्याला पाणी नसतं तेव्हा?"

"तवा जरा लांब पडतंय," सुमन सहज म्हणाली. "बुधवारीच खाली धरनावर जातो समद्या, हंडं घेऊन."

"आणि बाकीचे दिवस आंघोळ?"

"पानी आसंल तर."

"मग खरूज..." सिस्टर एवढंच बोलल्या. मला त्यांच्याकडे बघवेना. दर उन्हाळ्यात त्यांच्या नखांच्या तपासणीसाठी बाया डोंगर उतरून हंडे वर आणत होत्या आणि सिस्टर ते आपलं यश म्हणून मिरवत होत्या. बाया मात्र आनंदात होत्या. आपण पाहुणीचा मान नीट ठेवला, यात त्यांना काही चुकलेलं दिसत नव्हतं, आणि चुकलेलं नव्हतंच.

उतरताना मी सिस्टरांशी भांडले. म्हटलं, "उद्या सांगा ना त्यांना साध्या कपड्यांत यायला! खोटं थोडंच आहे? तेच तर खरं आहे." मला अजूनही वाटतं माझं म्हणणं बरोबर होतं. दवाखाना बंद झाला तर धडक्या लुगड्याने कुणाचा ताप उतरणार होता?

"खरं आहे," सिस्टर म्हणाल्या. "पण ते बघायचा हक्क त्यांनी या पाहुण्यांना अजून दिलेला नाही. तू तुझ्या घरी पाहुण्यांना फाटकी चादर घालतेस का?" जीपपाशी आल्यावर म्हणाल्या, "मलाही दिला नाही. इतकी वर्षं." त्यांचा आवाज इतका लहान झालेला मी पहिल्यांदाच ऐकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया आदल्या दिवसापेक्षा जास्त नटून आल्या. पाहुणे पुन्हा आले म्हणजे त्यांना आपलं आवडलं, असा त्यांचा सरळ हिशोब. अधिकाऱ्याने कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. अध्यक्षबाईंनी सिस्टरांना विचारलं, "तुम्हीच सांगा, इथे नेमकी गरज काय आहे?"

"मला माहीत नाही," सिस्टर म्हणाल्या.

मी डोळे मिटून घेतले. माझी नोकरी, शाळा, सगळं त्या एका वाक्यात गेलं असं मला वाटलं.

"मी इथे फक्त गुरुवारी येते," सिस्टर पुढे म्हणाल्या, "आणि गुरुवारी ही वाडी माझ्यासाठी सजते. काल तुमच्यासाठी सजली. तुम्ही फसलात तशी मीही फसले, पण तुम्ही एकच दिवस. मला एक वर्ष द्या. काम चालू ठेवा, मी वाडीवर राहायला येते, आणि वर्षभर कुणीही बघायला येऊ नका. मग मी सांगेन गरज काय आहे ते."

"आणि तेव्हाही आम्हाला बंद करावंसं वाटलं तर?"

"तर करा. निदान खरी वाडी कळल्यावर कराल."

अध्यक्षबाईंनी समोरच्या बायांकडे एकदा बघितलं. मग म्हणाल्या, "एक वर्ष."

पुढचं आताच सांगून टाकते. वर्ष संपल्यावर सिस्टरांनी मिशनकडे इमारत मागितली नाही, औषधंही जास्त मागितली नाहीत. पाणी मागितलं. वरच्या झऱ्यावर टाकी झाली, उन्हाळ्यासाठी खालून पंप बसला. खरूज गेली, एका महिन्यात नाही, पण गेली. मिशनने आणखी एक वर्ष दिलं, मग आणखी एक. अजूनही तसंच एकेक वर्ष चालू आहे. मी लग्न होऊन लोणावळ्यात आले, तिथल्या शाळेत लागले. सिस्टर शेवटपर्यंत वाडीवरच राहिल्या. त्यांची आठवण आली की मला त्यांचा ओरडण्याचा आवाज आठवायला हवा, पण आठवतात ते त्या राहायला आल्यानंतरचे पहिले दिवस.

हौसामावशीच्या घराला लागून एक पडवी होती, तिथे त्यांची खाट पडली. त्यांना वाटलं होतं, आपण राहायला आलो म्हणजे झालं. पण पाहुणी आता घरातच मुक्कामाला आलेली! बाया पहाटे उठून तेच एक धडकं लुगडं नेसायच्या, पोरांना पुसून काढायच्या. सिस्टरांना कपबशीत चहा यायचा, घरातले बाकीचे काय पितात ते दिसायचं नाही. त्यांनी भांडी घासायला घेतली तर हातातून काढून घ्यायच्या. शाळा सुटल्यावर मी डोकावले की त्या खाटेवर हात मांडीवर घेऊन बसलेल्या असायच्या. "आजही नाही," एवढंच म्हणायच्या. मी म्हणायचे, "होईल सिस्टर." पण मलाही खात्री नव्हती. जन्मभर पाहुणी म्हणून राहिलेल्या बाईला घरात कोण घेणार, आणि का?

एका सकाळी मी चढून वर आले तेव्हा पडवीच्या तोंडाशी सुमन उभी होती. केस विस्कटलेले, अंगावर ठिगळाचं लुगडं, कडेवर नागडं, शेंबडं पोर. बहुतेक उठायलाच उशीर झाला असावा. तिने मला बघितलं, पण मी रोजचीच. तिने पोर सिस्टरांच्या मांडीवर टाकलं, शेजारी तांदळाचं सूप ठेवलं आणि हंडा उचलला.

"शिस्टर, ह्याला बघा जरा. आन् बसल्या बसल्या तेवढं तांदूळ निवडा. मला पान्याला उशीर झालाय लय."

आणि ती मागे न बघता निघून गेली.

पोराने सिस्टरांच्या पांढऱ्या बाहीला नाक पुसलं. त्यांनी माझ्याकडे वर बघितलं तेव्हा त्या रडत होत्या, चक्क रडत होत्या, आणि हसतही होत्या.

"बघितलंस?" त्या म्हणाल्या. "लुगडं बदललं नाही तिने."

मग डोळे पुसले आणि सूप पुढे ओढलं.